कट्ट्यासमोर

परवा दुपारी कुरिअरवाल्या पोराचा फोन आला. "काका, पत्त्यात कट्ट्यासमोर लिवलंय. मी गल्लीतच उभाय, पण कट्टा काय दिसंना की."

"पिंपळ दिसतोय का?"

"पिंपळ हाय. बुडाला नुसतं सिमेंट हाय."

"तिथंच होता कट्टा. समोरचं हिरवं दार आमचं."

पोरगं विशीतलं असेल. पाकीट देऊन, मोबाइलवर माझी सही घेऊन ते गाडीकडे वळलं आणि जाता जाता पिंपळाच्या बुडाकडे नीट बघून गेलं. तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि ते आपल्याला दिसत नाही, असं त्याला वाटलं असावं.

कट्टा जाऊन अकरा वर्षं झाली. आधार कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, नातेवाइकांच्या वहीत पत्ता मात्र अजून ‘कट्ट्यासमोर’ असाच आहे. बदलून घ्यावा असं घरात कुणाच्या मनातही आलेलं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हा छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "कट्टा ठेवू का काढू?" मी म्हटलं, "ठेवा."

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत पाच मिनिटांवर. आमचं घर मराठी, उजवीकडचं कानडी, डावीकडची सलग चार घरं तेलुगू. मागच्या बोळात यंत्रमाग, त्यांची खटखट पहाटेपासून. मधोमध पिंपळ आणि पिंपळाभोवती कट्टा. खाली काळ्या दगडाचं बांधकाम, वर शहाबादी फरशी. उंची बरोबर गुडघ्याएवढी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसताना कमरेत वाकावं लागू नये आणि उठताना हात टेकावा लागू नये. ज्या कुणी तो बांधला त्यानं कागदावर माप काढलं नसेल. आपल्या बापाला समोर बसवून बांधला असेल.

फरशीची कड इतकी गुळगुळीत झालेली होती की हात फिरवला तर साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी लागायची. एका फरशीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. कुणी कोरला ते माझ्या आजोबांनाही सांगता यायचं नाही. बकऱ्या म्हणजे चिंचोके, वाघ म्हणजे कौलाचे तुकडे. कानडी पोरं त्याला आडु-हुली म्हणत, तेलुगू पोरं पुली-मेका. तिन्ही भाषांत वाघ हरला की भांडण मात्र सारखंच व्हायचं.

मे महिन्यात ती फरशी दिवसभर तापायची आणि रात्री नऊ वाजताही बसू द्यायची नाही. मग कुणीतरी आडातून बादली ओढून आणायचं आणि फरशीवर ओतायचं. सर्रर्र आवाज व्हायचा, वाफ यायची आणि तापलेल्या दगडावर पाणी पडल्याचा तो वास. दोन मिनिटांत फरशी कोरडी. दुसरी बादली. त्यानंतर बसायचं.

लोडशेडिंगच्या वर्षांत तर कट्टा काठोकाठ भरायचा. लाईट गेली की माग एकदम थांबायचे. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलंय त्यालाच ती शांतता कळेल. कानाला खटखटीची इतकी सवय असते की ती थांबल्यावर आपण एवढा वेळ ओरडून बोलत होतो हे लक्षात येतं. मागावरचे कामगार कपाळ पुसत बाहेर यायचे, केसांत आणि पापण्यांवर सुताची पांढरी लव. "सरक की बे," म्हणायचे, आणि बसलेले सरकायचे. आठ जणांच्या जागेत चौदा जण मावायचे. लाईट आली की अर्ध्या वाक्यात उठायचे.

‘कट्टा’ या शब्दाचा अर्थ मला त्याच कट्ट्यावर कळला. कानडी शाळेतले एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी तिथे यायचे. मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मी त्यांना सहज म्हटलं, "सर, कट्टा शब्द मराठीत कुठून आला असेल?" ते हसले आणि आपल्या धोतराच्या सोग्याला त्यांनी गाठ मारून दाखवली.

"हे काय केलं? कट्टिदे. बांधलं. कट्टु म्हणजे बांध. घर बांधायचं तरी कट्टु, दोरी बांधायची तरी कट्टु, प्रवासाला निघताना बुत्ती, म्हणजे शिदोरी, बांधायची तरी कट्टुच. जे बांधून काढलं ते कट्टे."

शेजारी बसलेल्या तेलुगू मामांनी लगेच मान हलवली. त्यांच्याकडेही तसंच. इल्लु कट्टु, घर बांध. चीर कट्टु, साडी नेस. आणि तळ्याचा बांध म्हणजे कट्ट.

मास्तर म्हणाले, "आमच्यात केरे-कट्टे असं जोडूनच म्हणतात. केरे म्हणजे तळं, कट्टे म्हणजे त्याचा बांध. पाणी धरून ठेवतं ते कट्टे. आणि पिंपळाभोवती असतं ते अरळी कट्टे, ते माणसं धरून ठेवतं."

मी त्या दिवसापासून हा शब्द तसाच ऐकत आलोय. पाणी वाहून जाऊ नये म्हणून बांध घालतात, तसा माणसं वाहून जाऊ नयेत म्हणून घातलेला हा गुडघाभर बांध.

आणि हे सांगायला सोलापूरइतकं योग्य गाव दुसरं नसेल. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलगी म्हणत, आणि सिद्धरामेश्वरांनी इथे केलेलं मोठं काम म्हणजे तळं. आज सिद्धेश्वराचं देऊळ ज्या तळ्यात उभं आहे ते. अल्लमप्रभू सोन्नलगीत आले तेव्हा तळ्याचं खोदकाम चालू होतं आणि त्यांनी सिद्धरामांना ‘ओड्डराम’ अशी हाक मारली, अशी कथा शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगतात. ओड्ड म्हणजे आपला वडार. माती उचलणारा, दगड फोडणारा. अल्लमांना त्या हाकेतून वेगळी शिकवण द्यायची होती, बाहेरच्या कामात अडकू नकोस अशी. पण सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ती हाक पदवीसारखी वाटते. ज्याच्या नावानं गावाची सगळ्यांत मोठी जत्रा भरते तो महात्मा आधी केरे-कट्टे बांधणारा होता.

त्या जत्रेतलाही मुख्य प्रसंग होतो तो एका कट्ट्याजवळच. संमती कट्टा. बाहेरगावच्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना वाटतं की नाव मी तयार केलंय. संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, ती उंच काठी कमरेच्या बळावर तोलत निघालेले. कुंभारकन्येनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, आणि ते लग्न सोलापूर दर वर्षी लावतं. अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ.

मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहिलंय. माणसांच्या डोक्यांपलीकडे फक्त काठ्यांची टोकं दिसत होती. संमती वाचली जाते ती कानडीत. माझ्या आईला कानडी येत नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू घरातल्यांनाही फारसं नाही. गर्दीत असे कितीतरी. पण ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की सगळ्यांच्या मुठी एकाच वेळी उघडायच्या आणि पिवळे तांदूळ हवेत जायचे. आईच्या मुठीत तांदूळ घामानं चिकटलेले असायचे, तिला ते बोटांनी सोडवून टाकावे लागायचे. शब्दाचा अर्थ तिनं कधी विचारला नाही. तिची संमती होती.

‘संमती’ संस्कृतातून आलेला, ‘कट्टा’ कानडीतून, आणि दोन्ही एकत्र म्हणणारं तोंड मराठी. याहून सोलापुरी नाव मला माहीत नाही.

पुढे वाचनाच्या नादात मी या जातीचे शब्द गोळा करू लागलो. माणसं एकत्र येण्याच्या जागांना मराठीत नावं पुष्कळ आहेत, आणि त्या नावांपुढे कोणतं क्रियापद येतं ते बघत गेलं की त्या जागेचा स्वभाव कळतो.

चव्हाटा घ्या. चार वाटा मिळतात ती जागा. कोकणात चव्हाट्याला आजही देवत्व आहे, तिथे गाऱ्हाणं घालतात. पण आपल्या रोजच्या बोलण्यात चव्हाट्यावर काय होतं? चव्हाट्यावर आणतात, चव्हाट्यावर मांडतात. घरातली भांडणं, अब्रू. चार जणांसमोर येणं म्हणजे उघडं पडणं. तेलुगूतही अगदी हेच झालंय. त्यांचा रच्चबंड म्हणजे गावानं बसायचा झाडाखालचा मोठा दगड, पण रच्चकेक्कणं म्हणजे भांडण चारचौघांत जाणं. त्यांची म्हणही आहे, ‘इंट गेलिचि रच्च गेलवमन्नारु’. आधी घर जिंक, मग बाहेरची सभा जिंक. म्हणजे तिथे हार-जीत आहे.

चावडी तिन्ही भाषांत आहे, आणि आपल्याकडे ती सत्तेची. तिथे पाटील बसायचा, सारा भरायला जायचं. सातबाराचं चावडीवाचन अजून होतं. चावडीवर बोलावणं आलं की माणूस टोपी नीट करून जाणार. मैदान मारायचं असतं, नाहीतर मैदानात उतरायचं असतं.

आणि चौक. सोलापूर आता चौकांचं गाव झालंय. रिक्षात बसा आणि चौकाचंच नाव सांगा. पण चौकात कुणी बसत नाही. चौकात थांबतात, चौकातून वळतात, चौकात सभा होते, मिरवणूक थांबते. आमच्या चौकांतला मोठा चौक चार पुतळ्यांचा, चार हुतात्मा चौक. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. कानडी, उर्दू, मराठी, मारवाडी, गावातली घरंच्या घरं त्यात येतात. 12 जानेवारीला तिथे हार चढतात आणि त्याच आठवड्यात संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. गर्दी तीच असते.

पण त्या पुतळ्यांपाशी मी टेकायला कधी गेलेलो नाही. तिथे उभं राहायचं असतं, आणि ते बरोबरच आहे.

कट्ट्याचं क्रियापद एकच: बसणे. ‘कट्ट्यावर आणणे’ असा वाक्प्रचार मराठीत नाही. कुणाला कट्ट्यावर खेचत नाहीत, कुणाची अब्रू कट्ट्यावर मांडत नाहीत. ‘कट्ट्यावर येतोस का?’ एवढंच विचारतात. मला या शब्दाचं एवढं अप्रूप आहे ते यासाठी. माणसं जमण्याच्या जागांच्या नावांत हा एकच शब्द मला असा सापडला की ज्याला ना सत्तेचा वास, ना लाजेचा. वर्तमानपत्रांत गावठी कट्टा जप्त झाल्याच्या बातम्या येतात, तो शब्द हिंदीकडून आलेला, त्याचा याच्याशी संबंध नाही. तरी त्या मथळ्यात हा उच्चार दिसला की मला आजही वाईट वाटतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं खोटं होईल. आमच्या कट्ट्यावर माझी आई कधीच बसली नाही. पन्नास वर्षं ती कट्ट्यासमोर राहिली आणि त्या फरशीला तिचा स्पर्श झाला असेल तर दिवाळीत पणती ठेवण्यापुरता. कट्ट्यासमोरून जाताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि पाय उचलायची. गावाकडे पाराच्या बाबतीत तर याहून कठोर हिशेब होता. कुणी पारावर बसायचं, कुणी पाराखाली आणि कुणी पार ओलांडून लांबूनच जायचं, हे जातीवर ठरलेलं होतं. शहरातल्या गल्लीत ते बरंच सैल झालं, पण बाईमाणसाच्या बाबतीत नाही.

बायकांचं होतं ते ओट्यावर. मराठी घरापुढे ओटा, कानडी घरापुढे जगली, तेलुगू घरापुढे अरुगु. नावं तीन, पण अंगणातून हातभर वर आणि रस्त्याच्या नजरेत. शेजारच्या तेलुगू मावशी सकाळचा स्वयंपाक आटोपून अरुगुवर भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर सूप. सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. पान कातरायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा मारायचा, नखानं टोक आत दाबायचं. हजार विड्या भरल्या की दिवस भरला. त्यांचं बोलणं आणि हात एकाच वेगानं चालायचे. मी शाळेतून आलो की त्या मान वर न करता सूप जरा बाजूला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कूसो." बस. उजवीकडच्या घरातल्या आयी म्हणायच्या, "कुंद्रो." (कानडी घरात आयी म्हणजे आजी. आईला आई म्हणणारा मी त्यांनाही आयीच म्हणत मोठा झालो.) पण बायकांच्या त्या बसण्यात काम असायचं. हात रिकामे ठेवून बाई ओट्यावर बसलीय, हे मी पाहिलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी गल्लीचा रस्ता काँक्रीटचा करायचा ठरला. रुंदी पुरत नव्हती. एक जण संमतीपत्र घेऊन आला, कट्ट्यावरच बसला आणि घराघरातून माणसं बोलावून त्यानं सह्या घेतल्या. माझी सही चौथी. मला आठवतं, कागद हवेनं उडू नये म्हणून त्यानं तो वाघ-बकरीच्या पटावर ठेवून वर पेन आडवं ठेवलं होतं. गटार आत जाणार होतं, पावसाळ्यात चिखल होणार नव्हता, वडिलांना दवाखान्यात न्यायला रिक्षा दारापर्यंत येणार होती. मला हे सगळं हवं होतं आणि ते मिळालंही. कट्टा जाणार हे वाचूनच मी सही केली. मला वाटलं, नंतर बसायला काहीतरी करतीलच.

तोडायला एक दुपार लागली. फरश्या ट्रॅक्टरमध्ये गेल्या. पटाची फरशी तेवढी बाजूला ठेवा असं सांगायला मी बाहेर आलो तोवर ती तीन तुकड्यांत होती.

नंतर बसायला केलं ते लोखंडी बाकडं, तेही कोपऱ्यावर. त्याला मध्ये हात टेकायचे दांडे आहेत. तिघं बसतात. चौथा आला की त्यानं उभं राहायचं. तिथे सरकायला जागाच नाही, म्हणून ‘सरक की बे’ हे शब्द गल्लीतून गेले. मास्तर काही दिवस त्या बाकड्यापर्यंत चालत गेले. मग ते आपल्या दारातच खुर्ची टाकून बसू लागले, समोर तेलुगू मामा त्यांच्या दारात. दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना, मधून गाड्या. ओरडून बोलायचे. पुढे तेही थांबलं.

‘कट्टा’ हा शब्द मात्र याच काळात फोफावला. साहित्य कट्टा, ज्येष्ठांचा कट्टा, वाचन कट्टा, टीव्हीवरच्या मुलाखती, मोबाइलवरचे गट. मला त्याचा राग नाही. लोकांना त्या शब्दातली ऊब हवीय म्हणून ते तो घेतात. पण त्यातल्या बहुतेक ठिकाणी खुर्च्या असतात, वेळ ठरलेली असते, आणि कुणीतरी सूत्रसंचालन करतं.

तेलुगू मावशींच्या घरानं दोन वर्षांपूर्वी गल्ली सोडली. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी 2006 साली दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. तिच्याजवळच आता रे नगर उभं राहतंय, तीस हजार घरांचं, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या 2024 च्या जानेवारीत मिळाल्या. मावशींच्या सुनेच्या नावानं तळमजल्यावर घर लागलं. पत्रिका द्यायला मी गेल्या महिन्यात तिकडे गेलो. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, ऊन चारी बाजूंनी. मोठं झाड एकही नाही. घर शोधताना मी मनात म्हणत होतो की इथे कुणाला पत्ता सांगायचा झाला तर काय सांगत असतील.

एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "असं सरळ जा, कट्टा लागंल. त्याच्या समोरचंच घर."

जिन्याच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, उरलेल्या विटांचे चार थर रचलेले होते. वर शहाबादी फरशीचे दोन तुकडे, मधली फट सिमेंटनं भरलेली, सिमेंटवर कुणाची तरी बोटं उमटलेली. पाच बायका बसल्या होत्या. तिघींच्या मांडीवर सूप होतं. दोघी नुसत्याच बसल्या होत्या, हात रिकामे, पाय हलवत. मधोमध मावशी. केस पूर्ण पांढरे झालेत. मी नमस्कार केला, पत्रिका काढली. त्यांनी पत्रिका डोक्याला लावली आणि सुनेला चहा टाकायला हाक मारली. मी उभाच होतो. मावशींनी सूप मांडीवरून उचललं आणि डावीकडे सरकल्या. त्यांच्याबरोबर बाकीच्या चौघीही सरकल्या.

"कूसो," त्या म्हणाल्या.

मी बसलो. फरशीची कड नवीन होती, मांडीखाली टोचत होती.